दिघी, दत्तगड आणि माझे एकवीस किलोमीटर

आधी कबुलीजबाब. गेल्या ऑगस्टमध्ये एका हाफ मॅरेथॉनमध्ये मी सपशेल आपटले. म्हणजे शर्यत पूर्ण केली, पण कशी? चौदाव्या किलोमीटरला पोटरीत गोळे आले आणि उरलेला रस्ता मी अक्षरशः फरफटत काढला. २ तास ४६ मिनिटं! ज्या मैत्रिणीला ‘अगं, जमेल तुला’ म्हणून मीच नाव नोंदवायला लावलं होतं, ती फिनिशलाइनजवळ केळं खात माझी वाट बघत होती.

घरी आल्यावर शूज थेट माळ्यावर. तुम्ही म्हणाल, एका शर्यतीचं काय एवढं? पण फ्रीलान्सिंगमध्ये रोज कुणीतरी ‘नको’ म्हणतच असतं. तेव्हा दोन स्टोऱ्या परत आल्या होत्या, एक चेक अडकला होता. धावणं ही एकच गोष्ट अशी होती, जिथे पेपर माझा आणि मार्कही मीच देणार. तिथेही नापास झाल्यावर जाम लागलं.

मी राहते दिघीत. पत्ता सांगितला की पुण्यातले विचारतात, ‘म्हणजे आळंदीकडे ना?’ आणि पिंपरीतले विचारतात, ‘म्हणजे विश्रांतवाडीकडे ना?’ दोघांचंही बरोबर. गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला भोसरीची कारखानदारी, दुसऱ्या अंगाला लष्कर. डोंगरावर आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आळंदी रोडला लष्करासाठी पूल डिझाइन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. चौकाचं नावसुद्धा मॅगझीन चौक! (हे मॅगझीन आपलं नव्हे, दारूगोळ्याचं.) लष्कराच्या कुंपणांमुळे इथे अजून झाडं उरलीत आणि पहाटे रस्त्यावर पळणारी माणसंही.

काकांचा फंडा

गावाच्या डोक्यावर दत्तगड आहे. नाव गडाचं असलं तरी ही टेकडी, वर दत्ताचं मंदिर. पहाटे साडेपाचला इथे अख्खी दिघी भेटते. साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, भरतीची तयारी करणारी पोरं, मफलर गुंडाळलेले निवृत्त फौजी. शूज माळ्यावर गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तिथे गेले, तीही चप्पल घालून. फक्त चालायला.

तिथे रोज भेटणाऱ्या एका माजी सुभेदार काकांनी माझी रडकथा ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘पहिले पाच किलोमीटर किती वेळात काढलेस?’ मी अभिमानाने सांगितलं, ‘२८ मिनिटांत.’ काका हसले. ‘मग शर्यत तिथेच संपली की, पोरी. पुढचे सोळा तू व्याज फेडलंस.’

घरी येऊन वाचलं तर काकांचं म्हणणं शास्त्राला धरून निघालं. स्नायूंमध्ये साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, साठा मोजकाच असतो. सुरुवातीला जोरात पळालं की तो भराभरा संपतो. ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, हृदय जास्त धडधडतं. म्हणजे माझ्यात दम नव्हता असं नाही, मी तो चुकीच्या ठिकाणी उडवला होता. हे कळल्यावर शूज माळ्यावरून खाली आले.

मग आठवडा ठरला. मंगळवारी दत्तगडाचा चढ सहा वेळा, उतरताना चालत. गुरुवारी गप्पा मारता येतील इतक्याच वेगात आठ किलोमीटर. आणि रविवारी आळंदी रोड. मॅगझीन चौकातून वडमुखवाडीला थोरल्या पादुकांच्या मंदिरावरून आळंदी, आणि परत. सगळं मिळून सतरा-अठरा किलोमीटर.

याच रस्त्याने आषाढीच्या आधी माउलींची पालखी पुण्याला येते. त्या दिवशी गॅलरीत उभं राहून मी पाहिलं होतं, सत्तरीच्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या. पंढरपूर अजून अडीचशेच्या आसपास किलोमीटर लांब, पण कुणालाच घाई नव्हती. रविवारी दम लागला की मला त्या आज्या आठवायच्या.

साबळेची गोष्ट

डिसेंबरात एकदा गुडघा कुरकुरला आणि दहा दिवस गेले. तेव्हा आठवला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा, फौजी, सियाचीनला राहून आलेला. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याची एशियन गेम्सची संधी हुकली. त्याच वर्षी त्याने स्टीपलचेसचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. आणि २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन किती वेळात? १ तास ३० सेकंद! ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. तेवढ्या वेळात मी दहाव्या किलोमीटरला पाणी पीत असते, ते सोडा. पण हुकल्यानंतरही पुढची शर्यत असते, एवढं मला त्याच्याकडून पुरेसं होतं.

आणि मुंबई

जानेवारी. मुंबई मॅरेथॉन. हाफची सुरुवात माहीमला, पहाटेच्या अंधारात. सगळे सुसाट सुटले. एक आजोबासुद्धा मला मागे टाकून गेले. मी दात-ओठ खाऊन काकांचा फंडा पाळला. पहिले पाच किलोमीटर ३३ मिनिटांत. सी लिंकवर वारा लागला, वरळीत लोक बिस्किटं वाटत होते, हाजीअली गेलं आणि आला तो बदनाम पेडर रोडचा चढ. आजूबाजूचे बरेचजण चालायला लागले. मला मात्र हसू आलं. अरे, हा तर आमचा दत्तगड, फक्त डांबरी! मरीन ड्राइव्हवर त्या आजोबांना गाठलं. सीएसएमटीजवळ घड्याळ थांबवलं तेव्हा आकडा होता २ तास १४ मिनिटं. शेवटचा टप्पा पहिल्यापेक्षा जास्त वेगात.

मंगळवारी लंगडत दत्तगडावर गेले. काकांना मेडल दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘पहिले पाच?’

‘तेहेतीस.’

‘शाब्बास,’ म्हणाले आणि चढायला लागले. चेक अजून आलेला नाही, बरं का. पण त्याबद्दल फोन करायला आता आवाज कापत नाही.

तुम्हालाही पळायचंय? दत्तगडावर पहाटे साडेपाच ते सात ही वेळ बेस्ट. आळंदी रोडला रविवारी सातच्या आत परत फिरा, नंतर ट्रॅफिक वाढतं. एकादशीला मात्र हा रस्ता वारकऱ्यांचा. त्या दिवशी पळू नका, चाला.