मे महिन्याची सुट्टी आणि सासूबाईंचं देशव्रत



एप्रिल संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर विमानतळावरचे फोटो यायला लागतात. कुणी काश्मीरला, कुणी दुबईला, कुणी सोबत स्वयंपाकी नेणाऱ्या जैन टूरबरोबर थेट युरोपला. दरवर्षी मी अंगठा दाखवते आणि कामाला लागते. यंदा मात्र आमचा मोठा, वय वर्षं आठ, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होता. त्यानं विचारलं, "मम्मी, आपण गरीब आहोत का?"

खरं सांगायचं तर यंदा हात आखडता होता. अहोंचा पगार दोन महिने अर्धाच आला होता, त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांचा खर्च. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "आरं, मी चातुर्मासात माहीमची खाडी वलांडत न्हाई, पार्ल्याच्या म्होरं जात न्हाई. मग मी गरीब हाय व्हय?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी हे व्रत कुणी ना कुणी पाळत असेल. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण कुठवर जायचं याची जन्मभराची मर्यादा. देशव्रत म्हणजे त्या मर्यादेच्या आत, ठरावीक दिवसांपुरती आखलेली आणखी लहान हद्द: या नदीपर्यंत, या वेशीपर्यंत. सासूबाई दर चातुर्मासात ते घेतात आणि आमच्या वांद्रे पूर्वेच्या घरातून मजेत पाळतात.

उत्तर छान होतं, पण मला ते बोचलं. व्रत म्हणजे जाता येत असताना न जाणं. आम्ही जात नव्हतो, कारण पैसे नव्हते. नाइलाजाला व्रताचं नाव देऊन मुलाला गप्प करायचं, हे मला पटेना. सत्य अणुव्रत घेतलेल्या घरात तर नाहीच. रात्री मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "आपण गरीब नाही. पण यंदा पैसे कमी आहेत. सुट्टीसाठी ४,००० रुपये आहेत. ते तुझ्याकडे ठेवू. हिशोब तू लिहायचा." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वही कुठली घेऊ?"

सासूबाईंची हद्दीची कल्पना मात्र मी उचलली. सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परतता येईल, एवढीच हद्द. घर मध्यावर धरायचं आणि एकेका दिवशी एकेक दिशा. दोन फेऱ्यांमध्ये किमान दोन दिवस विश्रांती, कारण धाकटी चार वर्षांची आहे आणि मेचं ऊन कुणाचं ऐकत नाही. दुपारी परतण्यामागे आणखी एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी महाबळेश्वरला एका हॉटेलात जेवण रात्री आठला सुरू व्हायचं. सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही, म्हणून मुलं तीन संध्याकाळी खाखरे खाऊन झोपली आणि बिल मात्र पूर्ण जेवणाचं भरलं. त्यापेक्षा घरची आमटी बरी.

पहिली दिशा पश्चिम. वांद्र्यात राहून किल्ला न पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत. लग्नाला दहा वर्षं होईपर्यंत मीही त्यातलीच. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला हा किल्ला. त्याच्या अग्वादा या नावाचा अर्थ पाणी भरायची जागा. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजं त्यावर पाणी भरून घेत. "ते पाणी गाळून घ्यायचे का?" हा मोठ्याचा प्रश्न. समोर सी लिंक, खाली ओहोटीनं उघडे पडलेले खडक.

ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. आपल्याला तिथ्या पाहायची सवय आहेच. आम्ही वद्य द्वितीयेला गेलो. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातला ओहोटी. शिवाय अष्टमी-चतुर्दशी नसल्यानं डब्याचीही अडचण नाही. खडकांच्या डबक्यांत खेकडे, गोगलगायी, बोटाएवढे मासे. मी एकच नियम घातला होता: बघायचं, उचलायचं नाही. धाकटीनं एक सुंदर शंख उचललाच. मी रागावणार, तेवढ्यात शंखातून पाय बाहेर आले. रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा होता तो. तिनं किंचाळून, पण अलगद, तो खाली ठेवला. त्यानंतर वाळूतल्या प्रत्येक शिंपल्याला ती "कोण आहे आत?" असं विचारत होती. त्या दिवशी खर्च फक्त बसचा.

दक्षिणेला चर्चगेटपर्यंत लोकल, तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गाडीत मी भरत-बाहुबलीची गोष्ट सांगितली. सैन्यं लढवून माणसं मारण्यापेक्षा दोघा भावांनीच लढायचं ठरवलं: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबलींनी जिंकली आणि जिंकलेलं राज्य सोडून ते तपाला उभे राहिले. वर्षभर उभे, अंगावर वेली चढेपर्यंत. दादरपासून पुढे दोघं दृष्टियुद्धच खेळत होती. धाकटी प्रत्येक वेळी हसून हरायची.

आणि मग संग्रहालयात ते समोर उभे. श्रवणबेळगोळहून आलेली ब्राँझची मूर्ती, हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, उंचीला साधारण आमच्या धाकटीएवढी. केस पाठीवर रुळणारे, हातापायांवर वेली. मोठ्यानं न सांगता चपला काढल्या. मी जरा घाबरले. संग्रहालयात चालतं की नाही, कोण जाणे. पहारेकरी नुसता हसला. आम्ही तिघांनी हळू आवाजात णमोकार म्हटला. बाकीची दालनं मुलांनी पळत पाहिली, वाघनखांसारखं काही दिसतंय का ते शोधत. मी आग्रह केला नाही. लहान मुलांना एका दिवशी एकच वस्तू नीट दिसते, असं माझं मत झालं आहे.

उत्तर दिशा बोरिवलीची. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, हे आधीच लक्षात घ्या. या फेरीला सासूबाईही आल्या, कारण उद्यानाच्या परिसरातल्या पोदनपूरच्या त्रिमूर्तीचं दर्शन त्यांना हवं होतं. पोदनपूर ही पुराणात बाहुबलींची राजधानी. इथे आदिनाथ आणि त्यांचे दोन पुत्र, भरत आणि बाहुबली, तिघेही उभे आहेत, मान वर करून पाहावे लागतील एवढे मोठे. सासूबाई खुर्ची मागून बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. त्या सहा वर्षांच्या होत्या, तेव्हा १९६३ साली कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर २८ फुटी मूर्ती बसली आणि वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून ती दाखवली होती. गुडघ्यांमुळे पाच वर्षं त्यांचं गावाकडे जाणं नाही. "आता परत बघीन आसं वाटलं न्हवतं," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसला. मी हे सगळं मुलांसाठी आखलं होतं. त्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कैरीचा छुंदा. पाणी घरचं, उकळून गाळलेलं. परतताना रसवंतीवर बर्फ न घालता उसाचा रस घेतला. आदिनाथांचं पारणं राजा श्रेयांसानं उसाच्या रसानंच केलं होतं. अक्षय्य तृतीयेची ही गोष्ट सासूबाईंनी तिथेच बाकावर बसून सांगितली. रसवाल्यानंही ऐकली.

पूर्व राहिलीच. धाकटीला उन्हानं ताप भरला आणि नंतर कुणाला उत्साहही उरला नाही. त्यामुळे चौथ्या दिवशी घरीच चादरीचा तंबू झाला आणि मुलं त्यात जेवली.

हिशोबाची वही माझ्यासमोर आहे. एकूण खर्च २,१४० रुपये. त्यात एक ओळ अशी: "दुर्बीण १२० (अंधेरीला तुटली, फुकट गेले)." ती घ्यायची नाही, असं मी सांगितलं होतं, पण पैसे त्याच्याकडे होते आणि निर्णयही त्याचाच. उरलेल्या १,८६० रुपयांपुढे त्यानं लिहिलंय, "आजी, कुंभोज." दिवाळीत आजीला घेऊन जायचं म्हणे. डोंगराच्या पायऱ्यांचं काय करायचं, ते अहो बघतायत.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी घ्यायला गेले, तर फाटकाशी त्याचा मित्र विचारत होता, "पोदनपूर कुठे आहे? सिंगापूरच्या जवळ?"

"नाही रे," आमचा म्हणाला, "बोरिवलीच्या जवळ. लोकलनं जायचं."