सोबत

रुग्णालयाच्या पासावर 'अटेंडेंट' हा शब्द छापलेला असतो. रायपूरची हिंदी त्यालाच 'परिजन' म्हणते, आणि ध्वनिक्षेपकावरून अमुक क्रमांकाच्या खाटेच्या परिजनांना हाक मारली जाते. मराठी माणूस मात्र एवढेच विचारतो : 'सोबतीला कोण आहे?' हा शब्द नोकरीचा नाही आणि नात्याचाही नाही. अंधारात विहिरीवर जाणाऱ्या मुलीला लागते तीच सोबत आजाऱ्याच्या खाटेशी लागते. सोबतीने काही करून दाखवावे अशी अपेक्षा त्या शब्दात नाही. तिने असावे, एवढेच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत हे नुसते असणे कोणत्या प्रतीचे काम ठरते, याचा विचार आपल्या साहित्यात फारसा झालेला नाही. रुग्णाने लिहिले आहे, वैद्याने लिहिले आहे. स्टुलावर बसलेल्या माणसाने क्वचितच.

रायपुरातील एका मराठी जोडप्याची ही हकीकत आहे. पती एकोणसत्तर वर्षांचे, रेल्वेच्या तिकीटघरातून निवृत्त झालेले. पत्नी शाळेत शिकवीत असत. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निदान झाले आणि बायपास ठरली. घर तात्यापाऱ्याकडचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडात आली तेव्हापासून मराठी घरे इकडे येत राहिली, आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. या घरांनी एक व्यवस्था आपसूक लावून घेतली : उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी. माधवराव सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले ते याच व्यवस्थेच्या बळावर. तिकीटघराच्या खिडकीमागे या गृहस्थांनी आयुष्यभर तिन्ही भाषांत सुटे पैसे मोजून दिले होते.

शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. अतिदक्षता विभागात सकाळी व संध्याकाळी दहा-दहा मिनिटे भेट मिळे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून पत्नीचा हात दाबला. दुसऱ्या रात्री मात्र परिचारिकेने बाईंना व्हरांड्यातून आत बोलावले. ते नळ्या ओढीत होते, उठू पाहत होते, आणि काय बोलतात ते कोणालाच कळत नव्हते. केरळातून आलेल्या त्या मुलीला हिंदी येत होती, थोडी छत्तीसगढीही येऊ लागली होती. पण हे दोन्हींतले नव्हते. ते मराठी बोलत होते, तीही रोजची नव्हे, भंडाऱ्याकडून आलेल्या आपल्या आजीची. 'गाडी येऊन राहिली ना! फाटक लावा!' धमतरीची छोटी गाडी उशिरा आली आहे, फलाटावर माणसे खोळंबली आहेत, आणि किल्ली सापडत नाही, असा त्यांचा समज होता. रायपूर शहरातून ती नॅरोगेज गाडी आता जात नाही. रुळांच्या जागी द्रुतगती रस्ता झाला आहे.

आपल्या जुन्या बायका याला 'वातात गेला' म्हणत. वैद्यकशास्त्र त्याला शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम म्हणते. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः वयस्क रुग्णांत, पहिल्या दोन-तीन दिवसांत तो होणे नवलाचे नाही. रात्री वाढतो, सकाळी ओसरल्यासारखा वाटतो. भूल, वेदना, औषधे, मोडलेली झोप आणि रात्रंदिवस सारखाच जळणारा दिवा, अशी त्याची अनेक कारणे. डॉक्टरांनी भेटीचा नियम बाजूला ठेवून बाईंना खाटेशी बसविले. चष्मा लावा, घड्याळ दिसेल असे ठेवा, आजचा वार सांगत राहा, वाद घालू नका, आणि बोलत राहा. कोणत्या भाषेत, हे त्यांनी सांगितले नाही. सांगावयाची गरजही नव्हती.

छत्तीसगडच्या साहित्याशी परिचय असलेल्या वाचकास येथे राजनांदगावचे मुक्तिबोध आठवल्याखेरीज राहणार नाहीत. तेही घरी मराठी आणि लेखणीत हिंदी अशाच व्यवस्थेतले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय नुकतेच, १९६३ साली, सुरू झाले होते. मुक्तिबोधांना आधी भोपाळला हमीदिया रुग्णालयात आणि तेथून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेण्यात आले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी तेथे त्यांचा अंत झाला. त्याच नावाची संस्था रायपुरात, राजनांदगावहून जेमतेम सत्तर किलोमीटरवर, २०१२ साली उभी राहिली. मुक्तिबोधांच्या अखेरच्या महिन्यांविषयी बोलताना हिंदी जग कवितेविषयी बोलते, आणि ते योग्यच आहे. पण परक्या शहरात, परक्या भाषेच्या दालनात पतीच्या खाटेशी बसलेल्या शांताबाईंचे बसणे हाही त्या आजाराचा एक भाग होता.

बाई बसल्या. 'अहो, आज बुधवार. हे रायपूर. तुमचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं.' त्यांनी रोखून पाहिले आणि विचारले, 'तुम्ही कोण?' चाळीस वर्षांत त्यांनी पत्नीला 'तुम्ही' म्हटले नव्हते. थोड्या वेळाने ओळख पटली तेव्हा अधिकच वाईट झाले. घर विकून मला इथे आणून टाकलेस, सह्या घेण्यासाठीच बांधून ठेवले आहेस, असे ते म्हणू लागले. हात खरोखरच सैल पट्टीने बांधलेले होते, नळ्या निघू नयेत म्हणून. भ्रमात असलेला माणूस सर्वस्वी खोटे बोलत नाही. तो दिसलेल्या खऱ्यावर भलते घर बांधतो. बाईंनी घर विकले नाही असे एकदाच सांगितले. मग घरात काय काय आहे ते सांगू लागल्या : देवघराचा मोडका कडीकोयंडा, गच्चीवरची तुळस, भाडेकरूने थकवलेले दोन महिने. पहाटेपर्यंत त्या बोलत होत्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना हे बोलणे आले कोठून, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र त्यांना रडू आवरले नाही. कांकेरकडची एक म्हातारी चटईवर बसली होती. तिचा मुलगा आत होता. 'झन रो दाई,' ती म्हणाली. रडू नकोस, आई. वयाने ती बाईंहून मोठी असावी. तरी तिने 'दाई' म्हटले. मग तिने डबा उघडून पेज पुढे केली. तो शब्द छत्तीसगढीत आहे आणि मराठीतही आहे, एवढी भाषाशास्त्राची माहिती त्या वेळी दोघींच्या कामी आली.

तिसरी रात्र दुसरीहून बरी गेली. चौथ्या दिवशी सकाळी बाई चहा घेऊन परतल्या तेव्हा दारातूनच त्यांना पतीचा आवाज ऐकू आला : 'सिस्टर, मेरा चश्मा किधर रखा है?' ते हिंदी होते. माणूस उंबऱ्याबाहेर आला होता; कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा हिशेब पुन्हा जुळला होता. बाईंना आनंद झाला, यात शंका नाही. पण त्या आनंदाच्या तळाशी अगदी बारीक असे काही टोचलेही. दोन रात्री त्यांचे बोलणे जगात एकटीलाच कळत होते, आणि ते आता संपले होते.

पुढले दिवस शरीराचे होते. फुंकणीतले तीन चेंडू श्वास ओढून वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकच हलला. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, कारण छातीचे हाड कापून तारेने जोडलेले, आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. हातांवर भार देऊन उठायचे नाही. पायातली शीर काढलेली, म्हणून त्या पायाला सूज. लघवीचे माप, पाण्याचे माप, गोळ्यांच्या वेळा हे सारे बाईंनी वहीत मांडले, उभ्या रेघा मारून, शाळेच्या हजेरीपटासारखे. तिसऱ्या खिडकीपर्यंत चालणे झाले त्या दिवशी त्या पतीवर रागावल्या, घाई करता म्हणून. ते हसले आणि हसताना छाती दुखली.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी विचारले, 'अगं, मधले दोन दिवस मला काहीच आठवत नाहीत. मी काही बोललो का गं?'

बाई वहीत औषधे उतरवून घेत होत्या. 'धमतरीची गाडी उशिरा आली म्हणत होतात.'

'ती नेहमीच उशिरा यायची,' ते म्हणाले, आणि कुशीवर वळायची मनाई आहे हे आठवून तसेच उताणे पडून राहिले.