काळा घोडा : कॅमेऱ्यामागच्या नजरा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून हुतात्मा चौकाच्या दिशेने पायी निघाले की वीसेक मिनिटांत काळा घोडा परिसर येतो. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, मोठे वस्तुसंग्रहालय आणि त्याला लागून १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी. रस्त्यापलीकडे सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आपल्याकडचे लोक मुंबईला येतात, खरेदी करतात, महंमद अली रोडवर जेवतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. गॅलरीचा दरवाजा आपल्यासाठी नाही, असा समज आपल्या घरांत पक्का बसला आहे. वास्तविक जहांगीरमध्ये तिकीट लागत नाही आणि दारात कुणी कपड्यांकडे बघतही नाही.

आम्ही उर्दू शाळेतले काही शिक्षक गेली अनेक वर्षे सुट्टीत इथे येतो. जमेल तेव्हा विद्यार्थ्यांनाही आणतो. मुले चित्रांपेक्षा फोटोंपुढे जास्त वेळ थांबतात, कारण फोटो प्रत्येकाला वाचता येतो. चार प्रदर्शने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र तेच, पण एकाचा फोटो दुसऱ्यासारखा नसतो. उर्दूत ‘नजर’ आणि ‘नजरिया’ असे दोन शब्द आहेत. नजर सगळ्यांकडे असते. नजरिया ज्याचा त्याचा असतो.

होमाई व्यारावाला यांचे प्रदर्शन आधुनिक कला संग्रहालयात भरले होते. या इमारतीत अर्धगोल मजले चढत चढत घुमटापर्यंत जायचे असते. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, पाकिस्तानला निघण्यापूर्वीची जीनांची पत्रकार परिषद, हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यात आले. त्यांच्या फोटोंत एक ठरावीक अंतर जाणवते. माणूस थोर असो वा सामान्य, त्याच्या अंगावर त्या धावून जात नाहीत. नव्या पिढीतील छायाचित्रकारांची बेशिस्त पाहून १९७० मध्ये त्यांनी हे कामच सोडले. आपण घरात ज्याला अदब म्हणतो, ती त्यांच्या फोटोंत आहे.

रघू राय यांची तऱ्हा अगदी निराळी. ते गर्दीच्या पोटात शिरतात. चर्चगेट स्टेशनवरचा त्यांचा १९९५ चा फोटो अनेकांनी पाहिला असेल. धावणारी गर्दी धुरासारखी पुसट झाली आहे आणि वर्तमानपत्र वाचणारा माणूस तेवढा स्थिर आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे त्यांनी काढलेले फोटो पाहताना सनईइतकेच बनारसचे ते घरही दिसते. एकाच चौकटीत चार गोष्टी घडत असतात आणि डोळा कुठे ठेवावा ते कळत नाही.

मात्र भोपाळचा त्यांचा फोटो याला अपवाद आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर दफन होत असलेल्या एका लहानग्याचा चेहरा राय यांनी कृष्णधवल फोटोत टिपला. भोवती माती, उघडे डोळे आणि वर एक हात. त्याच मुलाचा फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत काढला. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट वर्ल्ड प्रेस फोटो हा मान मिळाला. दोन्ही फोटो जवळजवळ ठेवून पाहावेत. कृष्णधवल फोटोत रंग नसल्यामुळे आपण थेट चेहऱ्यापाशी पोहोचतो. तो फोटो साऱ्या मृतांच्या वतीने बोलतो. रंगीत फोटोत मातीला मातीचा आणि कातडीला कातडीचा रंग आहे; तिथे हे एकच मूल आहे, कुणाच्या तरी घरातले. एक फोटो शोकाचा आणि दुसरा साक्षीचा, असे आम्हाला वाटते. या फोटोविषयी वर्गात बोलत असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, याचं नाव काय होतं?” ते मूल कोण होते, हे आजवर कुणाला ठामपणे सांगता आलेले नाही. जगभर पोहोचलेल्या त्या चेहऱ्याला नाव नाही.

सुधारक ओलवे हे मुंबईचे मराठी छायाचित्रकार. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. महापालिकेच्या सफाई कामगारांवरची त्यांची कृष्णधवल मालिका पाहताना पोटात कालवते. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगात उघड्या हातांनी काम करणारी माणसे. पण ओलवे तिथेच थांबत नाहीत. ते कामगारांच्या घरीही जातात, आणि म्हणून फोटोतला माणूस केवळ दयेचा विषय राहत नाही.

सूनी तारापोरवाला यांनी तर घरातूनच सुरुवात केली. ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा लिहिणाऱ्या सूनींनी १९७७ पासून आपल्या पारशी नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, आजी-आजोबांचे फोटो काढले. २००० मध्ये त्यांचे पुस्तक आले. मुंबईवरचे त्यांचे फोटो फोर्टमधल्या केमोल्ड गॅलरीत लागले होते. त्यांच्या फोटोंतील माणसे कॅमेऱ्यापुढे अवघडत नाहीत, कारण फोटो काढणारी त्यांच्या घरचीच आहे.

इथे आम्हाला आपली आठवण होते. तस्वीर घरात लावावी की नाही, याबद्दल आपल्याकडे वेगवेगळी मते आहेत आणि तो विषय आलिमांचा आहे. पण आपले फोटो तर रोज निघत आहेत. ईदच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडा. गळाभेट घेणारी दोन मुले, टोप्यांच्या रांगा, शेवयांचे दुकान. एरवी बातमी कसलीही असो, सोबत बुरख्यातल्या स्त्रीचा पाठमोरा फोटो. हे फोटो खोटे नाहीत, पण ते रस्त्याच्या पलीकडून काढलेले आहेत. भिवंडीत रात्रपाळी करणारा यंत्रमाग कामगार, मिरजेत सतारीचा भोपळा घासणारा कारागीर, आखातातल्या मुलाच्या फोनची वाट पाहत कोकणातल्या पडवीत बसलेली आई, बारावीचा अभ्यास करता करता धाकट्या भावाला जेवू घालणारी मुलगी, ही माणसे त्यांत क्वचितच दिसतात. ज्यांना जवळून कुणी पाहिले नाही, त्यांच्याविषयी लांबून काहीही समज करून घेता येतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुंबईत आलात तर दोन तास काळा घोड्यासाठी ठेवा. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात असू द्या. मुलांना सुंदर फोटो कोणता, हे विचारू नका. फोटो काढणारा कुठे उभा आहे आणि समोरच्या माणसाशी त्याचे नाते काय, ते विचारा. घरी परतल्यावर मोबाइल त्यांच्या हाती द्या आणि आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या माणसाच्या कामाचे महिनाभर फोटो काढायला सांगा. आधी त्या माणसाची परवानगी घ्यायची, काढलेले फोटो त्याला दाखवायचे आणि त्याची हरकत नसेल तर प्रत्येक फोटोखाली त्याचे नाव लिहायचे.