आम्हांला बोट लागते

आमच्या घराण्यात ‘बोट लागणे’ या शब्दांचा अर्थ पिढ्यानपिढ्या एकच होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सुटली, की तासाभरात आईने पदराच्या गाठीतलं लिंबू काढून माझ्या नाकाशी धरायचं, वडिलांनी ‘‘लांब बघ, क्षितिजाकडे बघ’’ म्हणून ओरडायचं आणि मी क्षितिजाकडे बघत बघतच कठडा गाठायचा. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात मेलबर्नला मुलाकडे गेलो असताना, रात्री जेवायच्या टेबलावर चिरंजीवांनी ‘‘बाबा, आपल्याला आता बोट लागणार’’ असं जाहीर केलं, तेव्हा माझी नजर आपोआप फळांच्या टोपलीत लिंबू शोधू लागली.

‘‘म्हणजे विकत घ्यायचीय,’’ सूनबाईंनी खुलासा केला. खुलासा करतानाचा तिचा चेहरा मात्र बोट आधीच लागल्यासारखा होता.

चिरंजीवांच्या अपेक्षा मोजक्या होत्या. बोट गाडीच्या मागे ट्रेलरला जोडून नेता आली पाहिजे. तिच्यातून मासे धरता आले पाहिजेत. तिच्यावर सगळ्या कुटुंबाला रात्री झोपता आलं पाहिजे. लग्नाच्या जाहिरातीत लोक उंच, देखणा, परदेशी नोकरीवाला आणि तरीही रोज संध्याकाळी सहाला घरी येणारा मुलगा मागतात, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक अट वेगळी घेतली तर रास्त. सगळ्या एकत्र आल्या की जन्मभर शोधत बसायचं.

पण दोष एकट्या त्याचा नाही, गावाचाही आहे. मेलबर्न हे शहर पोर्ट फिलिप नावाच्या उपसागराच्या काठी वसलं आहे. उपसागर कसला, तीन मुंबया आरामात बुडतील एवढं, सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचं पाणी. आणि खोली म्हणाल तर जास्तीत जास्त २४ मीटर. परात मोठी पण उथळ. वसंत ऋतू आला, म्हणजे आपली दिवाळी जवळ आली, की बाहेरच्या समुद्रातून स्नॅपर नावाचा गुलाबी मासा अंडी घालायला या परातीत येतो आणि त्याच्या मागे निम्मं गाव बोटी घेऊन जातं. मुलाच्या गल्लीत चार घरांपुढे ताडपत्री पांघरलेल्या बोटी उभ्या होत्या. गल्लीपासून समुद्र वीस किलोमीटर लांब. आमच्या गिरगावात समुद्र हाकेच्या अंतरावर होता आणि चाळीत कुणाकडे साधं वल्हंही नव्हतं.

चिरंजीव संगणकातले असल्यामुळे त्यांनी एक तक्ता केला. त्यातून मला कळलं, की बोट पाण्यावर तरंगते हा तिचा अगदी दुय्यम गुण आहे. मुख्य प्रश्न ती रस्त्यावर चालते का, हा. तिकडे अडीच मीटरपेक्षा रुंद बोट ओढायची, तर खास परवानगी लागते. म्हणजे घरातल्या माणसांची रुंदी काहीही असो, बोटीची अडीच मीटर. दुसरं वजन. मुलाच्या गाडीला दोन हजार किलो ओढायची मुभा. जाहिरातीत बोटीचं वजन नऊशे पन्नास किलो लिहिलेलं. चिरंजीव खूश. मग कळलं, की ते नुसत्या सांगाड्याचं आहे. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन दोनशे वीस, ट्रेलर स्वतःच पाचशे, १८० लिटर पेट्रोलचे एकशे पस्तीस, शिवाय नांगर, साखळी, बॅटरी, पाणी, बर्फ, गळ मिळून दीडशे. झाले एकोणीसशे पंचावन्न.

‘‘उरले पंचेचाळीस किलो,’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘म्हणजे माझा कुकर, तवा आणि मसाल्याचा डबा,’’ आमची ही म्हणाली. तिने या सगळ्या प्रकरणात स्वतःहून घेतलेला हा पहिला भाग.

पुढचे तीन शनिवार आम्ही बोटी विकणाऱ्यांच्या आवारात काढले. तिथे माझं खरं शिक्षण झालं. अॅल्युमिनियमची बोट हलकी आणि दणकट, पण लाटेवर वाजते. आत बसलेल्याला आपण बिस्किटांच्या डब्यात आहोत असं वाटतं. फायबरग्लासची गप्प आणि गुबगुबीत, पण जड. बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा खोल असेल तर ती लाटा छान कापते, पण नांगर टाकून उभी राहिली की पाळण्यासारखी झुलते. तळ सपाट असेल तर उभी असताना शहाण्यासारखी उभी राहते आणि चालताना कंबरडं मोडते. पोर्ट फिलिपसारख्या उथळ पाण्यात वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, तेव्हा तळ खोलच हवा, असं विक्रेता म्हणाला. मी विचारलं, ‘‘आणि ज्याला बोट लागते त्याला कोणता तळ बरा?’’ तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘‘जमिनीचा.’’ त्या आवारात भेटलेला तेवढा एकच प्रामाणिक माणूस.

पण सगळ्यात मोठं गणित होतं खोली आणि गॅलरीचं. सहा मीटरच्या बोटीत पुढे झोपायची खोपटी, मागे मोकळी जागा. मासे मागच्या मोकळ्या जागेतून धरायचे. झोपायची जागा फूटभर वाढवली, की मासे धरायची फूटभर कमी. चाळीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजवायला नको. गॅलरी आत घेऊन खोली मोठी करणारे आमच्या मजल्यावर तीन जण होते आणि नंतर वारा खायला ते आमच्या गॅलरीत येऊन उभे राहत.

आणि जाहिरातीत लिहिलेलं असे – ‘चौघांची झोपण्याची सोय’. हे वाक्य लिहिणारा माणूस पूर्वाश्रमीचा मुंबईकर असला पाहिजे. लोकलच्या तीन माणसांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत जो चौथा बसतो, तो जसा बसलेला असतो, तसाच या बोटीतला चौथा झोपलेला असतो. बोटीचं नाक निमुळतं, म्हणून दोन बिछाने टोकाला जुळलेले. दोघांची डोकी दूर आणि चारही पाय एका जागी. या दोहोंच्या मधल्या खळग्यात एक गादी बसवली की तिसरा माणूस. ती गादी मी उचलून पाहिली. खाली छोटासा संडास होता.

‘‘म्हणजे तिसरा माणूस यावर झोपणार?’’

‘‘झाकण असतं,’’ विक्रेता म्हणाला.

‘‘आणि चौथा?’’

त्याने मागच्या बाकड्याकडे बोट दाखवलं. पाठ काढून आडवी केली की त्या बाकड्याचा बिछाना होतो म्हणे. उंची दीड मीटर. चौथा माणूस शाळकरी असावा लागतो किंवा त्याने पाय घरी ठेवून यावं लागतं.

बिछाने जोखायला मला नेत, कारण घरात मीच सगळ्यात रिकामा. शिडीने वर चढायचं, सवयीने चपला बाहेर काढायच्या आणि खोपटीत जाऊन आडवं व्हायचं. तिसऱ्या शनिवारी एका बोटीत मला चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा विक्रेता बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘‘बघा, किती आरामशीर आहे!’’

घरी मात्र गादीवरून वादळ झालं. मुलगा, सून, नातू हे तिघं. आम्ही दोघं धरून पाच. चिरंजीवांचा हट्ट चार जणांच्या बोटीचाच. ‘‘आईबाबांना जागा नको?’’ हा त्याचा एकच मुद्दा. सूनबाई म्हणाली, ‘‘आईबाबा दोन वर्षांनी तीन महिने येतात. एरवी ती जागा आपण मागे ओढत हिंडायची का?’’ बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. भाजी वाढण्याच्या निमित्ताने ती दोनदा आमच्या ताटांशी आली. खरं सांगायचं तर तिचा हिशेब चोख होता. पण टेबलावर कुणीच बोलेना. शेवटी ही म्हणाली, ‘‘मला धरू नका. मी धक्क्यावर उभी राहून हात हलवीन.’’ माझ्याबद्दल काय, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तोडगा निघाला तो नागपूरकडून. चिरंजीवांचा एक नागपूरकर मित्र तिथे बोट बाळगून आहे. (समुद्राचं खरं आकर्षण नागपूरकरालाच. आम्हां कोकणातल्यांना तो शेजारी असतो.) तो म्हणाला, ‘‘एक रात्र माझी घेऊन जा अन् पाहून घ्या ना भाऊ!’’ इतक्या आनंदाने बोट देणारा माणूस पाहून मला शंका यायला हवी होती.

मुलगा, नातू आणि मी असे तिघे निघालो. बोट पाण्यात उतरवण्याच्या उतारावर गाड्यांची रांग. ट्रेलर मागे न्यायचा असेल तर चाक उलट्या बाजूला फिरवावं लागतं, हे चिरंजीवांना माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. चौथ्या प्रयत्नात ट्रेलर पाण्याशी पोचला, तेव्हा मागे सात गाड्या होत्या आणि सातही जण विलक्षण सभ्यपणे गप्प होते. बोट पाण्यात जाणार, एवढ्यात दहा वर्षांचा नातू ओरडला, ‘‘बाबा, बूच!’’

बोटीच्या बुडाला एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना आतलं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला बूच लावायचं असतं. तो तक्ता, ते वजन, ती अश्वशक्ती, सगळं खरं. पण शेवटी सगळं एका बोटभर बुचावर. बूच नागपूरकराच्या बोटीत शोधायला दहा मिनिटं लागली. ते चहाच्या मगात होतं.

दुपार चांगली गेली. मासे धरायला तिकडे परवाना लागतो, पण सत्तरी गाठलेल्याला लागत नाही. वयाचा असा फायदा मला प्रथमच झाला. माझ्या गळाला पहिला स्नॅपर लागला आणि चिरंजीवांनी पट्टी काढली. अठ्ठावीस सेंटिमीटर भरला तर घरी न्यायचा. सत्तावीस भरला. मी शेपटी जरा ताणून पाहिली. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, दॅट्स चीटिंग.’’ सोडून दिला. संध्याकाळी एक व्हायटिंग मिळाला. आपल्या मुडदुशीच्याच भावकीतला. हिचा मसाला नव्हता म्हणून तो बर्फात ठेवला आणि आम्ही सँडविचं खाल्ली.

किनाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकला. दोन बाजूंना मी आणि मुलगा, मधल्या गादीवर नातू, अशी व्यवस्था ठरली. बोट झुलत होती, पण गोळी घेतली होती. झुलता झुलता मला १९५९ चा मे महिना आठवला. मालवणला जाताना डेकवर वळकटी पसरून वडिलांनी जागा अडवली होती. ती आई आणि मी झोपण्यापुरतीच झाली. वडील ट्रंकेला टेकून बसले. ‘‘तुम्ही नाही झोपणार?’’ मी विचारलं. ‘‘मला बोटीवर झोप येत नाही रे. मी दीपस्तंभ मोजतो,’’ ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. पहाटे पडावात उतरवताना त्यांनी मला ‘‘नऊ झाले’’ असंही सांगितलं. घरी हाच माणूस पाठ टेकायच्या आत घोरायला लागत असे.

मध्यरात्री उठावं लागलं. या वयात लागतं. आणि ज्या वस्तूसाठी उठलो, तिच्यावर नातू गाढ झोपला होता, हात-पाय पसरून, माझी बाजू आणि बापाची बाजू दोन्ही व्यापून. बापाच्या बिछान्यावर बाप नव्हता.

तो मागे बाकड्यावर बसला होता. पाठीला जीवरक्षक जाकीट, अंगाला ब्लँकेट, दूर उत्तरेला शहराचे दिवे. त्याने काही न बोलता कोपऱ्यातली बादली पुढे सरकवली आणि तोंड वळवून दिवे बघू लागला. नंतर मी विचारलं, ‘‘झोपला नाहीस?’’

‘‘नांगर सरकतोय का बघतोय.’’

त्यासाठी फोनमध्ये घंटा लावून ठेवता येते, हे संध्याकाळी त्यानेच मला दाखवलं होतं. मी म्हटलं, ‘‘जा आत, मी बसतो.’’ मधली काही वर्षं हे काम माझ्याकडेच होतं. फक्त बोटीऐवजी एसटी होती आणि मांडीवर हा होता.

‘‘नको. तुम्हांला बोट लागेल.’’

मग मी त्याच्याशेजारी बसलो. बाकडं दोघांना पुरलं. पहाटेपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही, बोट लागली नाही आणि नांगरही सरकला नाही.

पुढच्या शनिवारी विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने चार बिछान्यांची, छपराची बोट दाखवली. चिरंजीव म्हणाले, ‘‘दोनच बिछाने पुरेत. मागे जागा मोठी पाहिजे.’’ मग तो एका बोटीत मागच्या बाकड्यावर जाऊन बसला. पाठ टेकली, पाय लांब केले, पाच मिनिटं डोळे मिटले. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, आमच्या घराण्याला बोटीत झोपायचा रोगच आहे.

‘‘पाठ नीट टेकते?’’ मी विचारलं.

‘‘टेकते. शेजारी अजून एक माणूस बसेल.’’

सूनबाईने चेक लिहिला. हिने दोन उशांचे अभ्रे शिवायला घेतले. आमच्या परतीच्या आठवडाभर आधी बोट अंगणात आली, तेव्हा तिच्या सुकाणूवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. रविवारच्या मराठी शाळेला दर रविवारी पोटात दुखणाऱ्या नातवाने ती स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिली होती – ‘बुच लावला का?’

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे तपासण्यात घालवलेल्या मी त्यातला ऱ्हस्व उकारही पाहिला आणि बुचाचं बदललेलं लिंगही. खिशात पेन होतं. ते मी खिशातच राहू दिलं.