दोन दिगंबर वाहनें

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या धाकट्या बहिणीनें आम्हांस मुद्दाम घरीं बोलावून घेतलें आणि एक विलक्षण कामगिरी सांगितली. तिच्या मुलानें नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत सव्वादोन लाख रुपये सांठविले होते आणि त्यांची तो एक वापरलेली मोटारसायकल घेणार होता. दोन गाड्या त्यानें हेरून ठेविल्या होत्या. "दादा, तूं त्याच्याबरोबर जा," बहीण म्हणाली, "दोन्ही नीट पाहा, आणि घरीं येऊन दोन्ही वाईट आहेत असें सांग. तुझें तो ऐकेल."

तो आमचें ऐकेल हें खरें होतें. परंतु हें काम तिनें आम्हांसच सांगावें यांत थोडें मर्म होतें. १९९४ सालच्या आषाढांत खंबाटकीच्या घाटांत जी येझदी घसरली, व जिच्यापायीं आमच्या मेहुण्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला, ती येझदी आमची होती आणि त्या वेळीं ती आम्हीच चालवीत होतों. मेहुणे मागें बसले होते. त्यांच्या लग्नास तेव्हां सहा महिनेहि झाले नव्हते. मागचा टायर गुळगुळीत झाला आहे हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें. पावसाळा संपला कीं बदलूं, असा आमचा हिशेब होता. या प्रकाराबद्दल बहिणीनें आम्हांस आजवर एका शब्दानें बोल लावला नाहीं. त्यानंतर आम्ही पुनः कधीं फटफटीवर बसलों नव्हतों.

भाच्याच्या भाषेंत या दोन्ही गाड्या 'मिडलवेट नेकेड' या वर्गांतील. हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां आम्ही दचकलों. पण अर्थ अगदीं निरुपद्रवी आहे. वारा अडविण्यासाठीं पुढें व बाजूंस जीं आवरणें असतात तीं जिला नाहींत, जिचें यंत्र, चौकट व नळ्या उघड्यावर दिसतात, ती गाडी नेकेड. आम्हीं मनांतल्या मनांत तिचें नांव दिगंबर ठेवून टाकलें. खरें पाहतां आमच्या तरुणपणीं बहुतेक सर्वच फटफट्या दिगंबर असत. वस्त्रें त्यांस मागाहून मिळालीं, आणि आतां तीं नसणें हें एक भूषण होऊन बसलें आहे! 'मध्यम वजन' ही कल्पनाहि अशीच लवचिक. आपल्याकडील व्यापारांत अडीचशें घनसेंटिमीटरांपासून साडेसातशेंपर्यंतच्या गाड्या त्या सदरांत सुखानें नांदतात.

पहिली गाडी कोथरूडास होती. केटीएमची ३९० ड्यूक. नांव परदेशी असलें तरी जन्म चाकणचा. २००७ सालीं बजाजनें त्या ऑस्ट्रियन कंपनींत भाग घेतला, आणि पुढें तिच्या लहान गाड्या पुण्याच्या वेशीवर तयार होऊं लागल्या. ३९० ड्यूक आपल्याकडे २०१३ सालीं आली. २०१७ सालीं तिनें नवा अवतार घेतला, आणि आम्हीं पाहिली ती या नव्या अवतारांतील. एकच सिलिंडर, ३७३ घनसेंटिमीटर, पाण्यानें थंड राखलेलें यंत्र, आणि अश्वशक्ति सुमारें ४३. एवढ्याशा देहांत एवढें बळ पाहून, टोणग्यांच्या टकरीची मौज पाहणाऱ्या माणसास एकदम तित्तिर पक्षी झुंजतांना दिसावा, तसें आम्हांस झालें.

आम्हीं प्रथम टायर पाहिले. ही आमची खोड आतां जन्माची आहे. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते वाचावयास कोणी शिकविलें तर माणूस पुष्कळ थापांतून वांचतो. ड्यूकचे टायर नवे होते, आणि तेवढ्यावरून आमचें मत अनुकूल झालें. मग यंत्रास हात लावून पाहिला, तो तें ऊन लागलें. आम्ही येण्यापूर्वींच गाडी चालू करून ठेविली होती. थंड यंत्र पहिल्या झटक्यास कसें उठतें हें गिऱ्हाइकास दिसूं नये, असें विकणाऱ्यास कां वाटावें? अशी शंका आली कीं डोळे आपोआप उघडतात. हँडलचीं टोकें दोन्ही बाजूंस घासलेलीं, ब्रेकच्या दांडीचें टोक नवें, टाकीवरचें प्लास्टिक बाकीच्या अंगापेक्षां अधिक तजेलदार. "पार्किंगमध्यें एकदां पडली होती," मालक म्हणाला. भाचा खालीं वांकला आणि हँडल जेथें वळून थांबतें तेथील लोखंडी अडण्याकडे त्यानें बोट दाखविलें. तें चेपलें होतें. उभी गाडी कलंडली तर तें चेपत नाहीं. हँडल भयंकर वेगानें फिरलें म्हणजे चेपतें. भाच्याला हें कळत होतें याचें आम्हांस बरें वाटलें.

तरीहि मालकाच्या परवानगीनें तो एक फेरी मारून आला, आणि दुसऱ्या फेरीस आम्ही मागें बसलों. तीस वर्षांनंतर! मागचें आसन म्हणजे एक उंच, अरुंद पाट. त्यावर बसल्यावर आपण गाडीवर नसून गाडीच्या वर आहोंत असें वाटतें. पण गाडी काय चपळ! रिक्षांच्या गर्दींतून ती सुईंतल्या दोऱ्यासारखी निघे. मात्र तिचें बळ वरच्या फेऱ्यांत आहे. यंत्र मिनिटास सात हजार फेरे घेऊं लागलें म्हणजे तिचा पीळ पुरता जागा होतो, आणि नऊ हजारांवर अश्वशक्ति कळसास पोंचते. त्यामुळें ती सावकाश चालविली जात असतां सारखी कुरकुरते, जणूं "एवढेंच का?" असें विचारते. चालविणाऱ्याचा हात त्या प्रश्नास उत्तर देऊं लागतो. भाच्याचा हात तें देऊं लागला होता, हें त्याच्या खांद्यांवरून आम्हांस समजलें. आणि, लपवून काय करावें, आम्हांसहि तें हवें होतें.

दुसरी गाडी बिबवेवाडीस. रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर ६५०. हें नांव १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत बनणाऱ्या एका जुन्या गाडीचें; मद्रासकडच्या कारखान्यानें तें २०१८ सालीं पुनः जिवंत केलें. दोन सिलिंडर, ६४८ घनसेंटिमीटर, अश्वशक्ति ४७. म्हणजे बळांत दोघींत चारांचेंच अंतर, पण वजनांत ही चाळीस किलोंहूनहि अधिक भारी. पार्किंगमधून ती मागें सरकवितांना भाच्याच्या कपाळावर घाम आला. पीळ मात्र हिचा अधिक आणि लौकर येणारा. सवापांच हजार फेऱ्यांसच तो शिगेस पोंचतो. हिच्या दट्ट्यांची मांडणी अशी आहे कीं दोन स्फोटांमधील अंतर सारखें राहत नाहीं. एक लहान, एक मोठें. त्यामुळें आवाज घोड्याच्या दुडक्या चालीसारखा येतो, आणि गाडी हळू चालली तरी तिला कमीपणा वाटत नाहीं.

हिचें यंत्र थंडगार होतें आणि पहिल्याच स्पर्शास चालू झालें. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नाहीं, साखळीच्या चाकाचे दांते झिजून आंकड्यासारखे वळलेले नाहींत, बँकेचें कर्ज फिटल्याचा कागद जाग्यावर. टायरवर आंकडे होते २७१९. सन २०१९चा सत्ताविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक, कारण गाडी फार फिरलीच नव्हती. पण नखानें दाबून पाहिलें तर रबर वहाणेच्या तळासारखें कठीण. त्यांतून हिचीं चाकें तारांचीं, आंत ट्यूब. भोंक पडलें तर हवा झटकन् जाते आणि रस्त्यांतच चाक उतरावें लागतें. ड्यूकच्या टायरांत ट्यूब नाहीं. या बाबतींत ती निश्चित सरस.

कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत आम्ही मागें बसून गेलों. आसन सपाट व लांब. मागच्या माणसासहि माणूस समजून केलेलें. वळणावर भाच्यानें वेग आधींच कमी केला, न सांगतां. बोगद्याअलीकडे गाडी थांबवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही घेऊन पाहतां?" आम्ही नको म्हणालों. त्यानें पुनः विचारलें नाहीं.

परतीच्या वाटेवर आमच्या मनांत एक हिशेब आपोआप जुळला. ड्यूक पडलेली आहे, हें खरें. इंटरसेप्टरचे टायर निकामी आहेत, हेंहि खरें. हीं दोन सत्य वाक्यें जोडून उच्चारलीं कीं बहिणीची कामगिरी बिनचूक पार पडणार होती, आणि असत्य भाषणाचा दोषहि लागणार नव्हता. असा सोयीचा हिशेब आम्हीं पूर्वींहि एकदां केला होता, एका पावसाळ्यांत.

बहीण दारांतच उभी होती. आम्हीं सांगितलें, "एक वाईट आहे. दुसरी चांगली आहे. तिचे दोन्ही टायर मात्र बदलावे लागतील."

ती बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोण बदलणार?"

"मी."

"केव्हां?"

"गाडी या दारांत येण्यापूर्वीं."

तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं आणि ती आंत गेली. तिचा होकार आम्हांस त्या दिवशीं मिळाला असें म्हणतां येणार नाहीं. पण दहा दिवसांनीं पैसे दिले गेले, नांव बदलण्याचे एकोणतीस व तीस नंबरचे फॉर्म भरले गेले, आणि नव्या टायरांवर बसून इंटरसेप्टर त्यांच्या अंगणांत आली. आधींच्या मालकानें मागच्या चाकाची साडी-जाळी शोभेसाठीं काढून ठेविली होती. ती त्यानें कागदांबरोबर एका गोणपाटांत बांधून दिली. भाच्याचें म्हणणें, ती लावल्यानें गाडीचें रूप जातें. मेहुणे आंतून काठी टेकीत आले आणि गोणपाट सोडूं लागले.

"तिला मागें बसावयाचें असेल तर जाळी हवी," ते म्हणाले.

भाच्यानें पाना आणला. मेहुण्यांनीं काठी भिंतीस टेकवून जाळी दोन्ही हातांनीं धरून ठेविली, आणि आम्हीं खालीं बसून एक एक बोल्ट आंवळला.