बाबांचा समुद्र, सुरतचा समुद्र



नोकरीनिमित्त सुरतेत येऊन मला आठ वर्षं झाली. आई गेल्यावर बाबाही मालवणहून आमच्याकडे आले. पहिल्याच रविवारी त्यांना डुमसला नेलं. काळी वाळू, गढूळ पाणी पाहून ते म्हणाले, "ह्यो कसलो समुद्र? नुसतो चिखल!"

ओहोटीचं पाणी खूप दूर गेलं होतं. बाबा नातीचं बोट धरून तिकडे निघाले. त्यांचा जन्म समुद्राकाठी गेलेला, म्हणून मी निर्धास्त होतो. इतक्यात भेळवाला ओरडला, "काका, पाछा आवो!" भरती सुरू झाली होती आणि त्यांच्या मागच्या सखल भागात पाणी शिरलं होतं. मी धावत जाऊन लेकीला उचललं. काठाला येईपर्यंत बाबा मांड्यांपर्यंत भिजले. घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

रात्री मी नकाशा उघडला. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद आणि उत्तरेकडे निमुळतं, उथळ होत गेलेलं. आत शिरलेल्या भरतीला पसरायला जागा नाही, म्हणून पाणी वर चढतं. मालवणला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर, मुंबईला पाचेक, तर भावनगरला दहाच्या आसपास! त्यात डुमसचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी झपाट्याने आत येतं. बाबांचा अंदाज मालवणच्या मापाने बरोबरच होता.

चिखलाचंही उत्तर तिथेच मिळालं. नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ आणतात आणि हे जोरदार प्रवाह तो खाली बसू देत नाहीत. गढूळ पाण्यात ऊन खोल जात नाही, म्हणून सूक्ष्म वनस्पतींची वाढ रोखली जाते. पण गाळासोबत आलेल्या कुजक्या अन्नकणांवर जवळा पोसतो, आणि जवळ्यावर बोंबील. आखाताच्या तोंडाशी जाफराबादला कोळी डोल जाळी प्रवाहात रोवून ठेवतात. मासे जाळ्यात आणायचं काम भरती-ओहोटीच करते.

हे सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती."

"नव्हती, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारात जाऊन ताजे बोंबील घेऊन आले. मालवणला त्यांनी जन्मभर बहुतेक सुकेच खाल्ले होते. आता डुमसला जायचं ठरलं, की भरतीची वेळ आधी तेच बघतात. तुम्हीही बघत जा.