सोमवारच्या आकड्याखालची रेघ

अण्णांची पावसाची वही आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. केज तालुक्यातल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक होता. 1986च्या जूनपासून 2011च्या सप्टेंबरपर्यंत, सव्वीस पावसाळे, त्यातलं पाणी सकाळी साडेआठला मोजून त्यांनी या वहीत उतरवलं. साडेआठ ही हवामान खात्याची वेळ. आदल्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लागतो, म्हणून रात्री बाराला पडलेली सर दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात दिसते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वहीबद्दल आपल्याला सगळंच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

2023चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बीड जिल्ह्यात त्या महिन्यात पारावर, एसटीत, कृषी सेवा केंद्रात एकच आकडा ऐकू यायचा: एकवीस दिवस. त्या वेळी पावसाचा खंड एकवीस दिवसांहून लांबला की पीकविम्याच्या पंचवीस टक्के आगाऊ रकमेचं बोलणं सुरू व्हायचं. सोयाबीन फुलावर असताना एका दिवसाचा फरक म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. वाटलं, अण्णांच्या वहीतून जुने सगळे खंड काढून पाहावेत. पाच सुट्ट्या खर्चून वही टंकित केली आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. दिवसाचा पाऊस अडीच मिलिमीटर किंवा अधिक असेल तर तो पावसाचा दिवस, ही हवामान खात्याची व्याख्या घेतली आणि दोन पावसाच्या दिवसांमधले कोरडे दिवस मोजले. पुढे त्यात प्रमाणित पर्जन्य निर्देशांकही घातला.

प्रोग्रॅम हातोहात पसरला. भूगोलाच्या सहकाऱ्यांनी नेला, दोन संशोधक विद्यार्थ्यांनी नेला, प्रत्येकानं आपल्या सोयीनं दोन ओळी बदलल्या. वर्षभरानं एका विद्यार्थिनीनं दाखवलं की तिच्या आणि माझ्या संगणकावर एकाच वर्षाचे खंड वेगवेगळे येतात. तिनं तिच्या प्रबंधात कुठला आकडा लिहायचा? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ठरवलं, हा प्रोग्रॅम उघड्यावर ठेवायचा आणि परक्या माणसाकडून तपासून घ्यायचा.

शोधनिबंध तपासणारे तज्ज्ञ सहसा निबंध वाचतात. ज्या प्रोग्रॅममधून आकडे निघाले तो उघडून बघण्याची पद्धत फारशी नाही. ती उणीव भरून काढायला 2016 मध्ये आर्फन स्मिथ यांनी 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' सुरू केलं. तिथे दोन-तीन पानांचा लेख लागतो, पण तपासणी होते ती सॉफ्टवेअरची. परीक्षक ते स्वतःच्या संगणकावर बसवतात, चालवतात आणि ठरलेल्या यादीतली एकेक गोष्ट पाहतात: परवाना आहे का, माहितीपुस्तिका नवख्याला कळते का, चाचण्या आहेत का, लेखात दावा केलेलं काम ते खरोखर करतं का. परीक्षकांची नावं झाकलेली नसतात आणि संभाषण कुणालाही वाचता येतं. लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे घेत नाहीत. ही शेवटची गोष्ट आमच्यासारख्या महाविद्यालयात किती मोठी आहे, ते परदेशी नियतकालिकांची शुल्कं पाहिलेल्यालाच कळेल.

मी प्रोग्रॅम तिथे पाठवला. पहिल्या आठवड्यातच परीक्षकाचा निरोप आला: सुरूच होत नाही. प्रोग्रॅम माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हमधलं 'पाऊस' नावाचं फोल्डर शोधत होता, जे जगात माझ्या टेबलावर सोडून कुठेच नव्हतं. दुसरा निरोप परवान्याचा. मी कुठलाच परवाना जोडला नव्हता. माझी समजूत अशी की काही लिहिलं नाही म्हणजे सगळ्यांना मोकळीक. प्रत्यक्षात परवाना नसेल तर सगळे हक्क लेखकाकडे राहतात आणि दुसऱ्यानं ते वापरणं कायद्यानं अडचणीचं होतं. तिसरा प्रश्न एका स्तंभात नुसती विचित्र चिन्हं का दिसतात हा होता. ती गावांची नावं होती, युनिकोड येण्याआधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकित केलेल्या एका यादीतून मी जशीच्या तशी उचललेली. तिन्ही दुरुस्त्या सोप्या होत्या, पण रात्रीची वीज आणि मोबाइलचं नेट सांभाळत करायला महिना गेला.

मग दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न आला. बीड कुठे आहे हे या माणसाला नकाशात शोधावं लागलं असणार. त्यानं माझी आकड्यांची फाइल उघडून वारानुसार लावली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या नोंदींतल्या बहुतेक सगळ्या रिकाम्या जागा रविवारी येतात. तुमचा प्रोग्रॅम रिकाम्या जागेला शून्य मानतो. तुमच्याकडे रविवारी पाऊस पडत नाही का?

मी खुर्चीवरून उठलोच. रिकामी जागा म्हणजे शून्य, हे मी एका ओळीत लिहून टाकलं होतं आणि त्या ओळीकडे पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. सव्वीस पावसाळ्यांत साडेचारशेच्या आसपास रविवार येतात. शनिवारी गावी गेलो, फळीवरची वही काढली आणि अण्णांसमोर ठेवली.

"अण्णा, रविवारच्या जागा तुम्ही रिकाम्या का सोडल्यात?"

"मोजलंच नाही तर लिहू काय? शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी इकडं शेतावर यायचो. सोमवारी सकाळी परत."

"मग रविवारचा पाऊस?"

"मापकातच राहायचा की. सोमवारी दोन दिवसांचा एकदम मोजायचो. म्हणून तर खाली रेघ मारलीय."

त्यांनी बोट ठेवलं. सोमवारच्या आकड्याखाली बारीक, सरळ, पट्टी लावून ओढलेली रेघ होती. पुढच्या सोमवारी तशीच. महालक्ष्म्यांच्या सणात तीन दिवसांचा पाऊस एकत्र मोजलेला, तिथे दोन रेघा. पाऊस नसेल त्या दिवशी त्यांनी स्पष्ट शून्य लिहिलेलं होतं. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक त्यांनी सव्वीस वर्षं पाळला आणि मी तो एका ओळीत पुसला. रेघा मला टंकताना दिसल्या होत्या. वाटलं, मास्तरांची सवय असेल. आणि मी एक्सेलमध्ये त्या ओढल्या असत्या तरी सीएसव्ही फाइलमध्ये त्या टिकल्या नसत्या, कारण तिथे फक्त अक्षरं आणि आकडे राहतात.

अण्णा एवढंच म्हणाले, "विचारायचं होतंस की रे."

या चुकीचा परिणाम दोन्हीकडून होत होता. शनिवारी रात्री चांगला पाऊस झाला तर त्याची नोंद सोमवारी पडायची आणि रविवार कोरडा धरला जायचा. एकवीस दिवसांचा खंड बावीसचा व्हायचा. उलट शनिवारी रात्री दीड आणि रविवारी रात्री दीड मिलिमीटर पडला, तर सोमवारी तीन दिसायचे, तो पावसाचा दिवस ठरायचा आणि जो खंड खरं तर चालूच होता तो माझा प्रोग्रॅम तोडून टाकायचा. पहिली चूक शेतकऱ्याच्या बाजूनं, दुसरी त्याच्या विरुद्ध. दोन्ही चुकाच.

आता फाइलमध्ये एक नवा स्तंभ आहे: हा आकडा किती दिवसांचा. प्रोग्रॅम रिकाम्या जागेला शून्य मानत नाही. जिथे नेमका दिवस कळण्याचा मार्ग नाही तिथे तो खंडाची लांबी एका आकड्यात सांगत नाही. कमीत कमी इतकी आणि जास्तीत जास्त इतकी, असे दोन आकडे देतो. वापरणाऱ्यांना हे आधी आवडलं नाही, एकच आकडा हवा असतो. पण वहीत जे आहे त्याच्याशी हेच प्रामाणिक आहे. त्या परीक्षकाच्या सूचनेवरून मी एक छोटी चाचणीही लिहिली, ज्यात मुद्दाम रिकामा रविवार आणि रेघेचा सोमवार आहे. प्रोग्रॅममध्ये कुणीही काही बदललं की ती आपोआप चालते.

शेवटी लेख स्वीकारला गेला. सॉफ्टवेअरची ती आवृत्ती सर्न या संस्थेच्या झेनोडो या संग्रहात कायमच्या क्रमांकासह ठेवली. आता त्या विद्यार्थिनीला प्रबंधात नेमकी आवृत्ती लिहिता येते. पुढे एका मूल्यमापन समितीपुढे मी हे काम ठेवलं तेव्हा सांगण्यात आलं की निबंधाला गुण आहेत, सॉफ्टवेअरसाठी अर्जात रकाना नाही. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून आलेली माहिती शुद्ध करून तिची चित्रं बनवण्यासाठी रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी 'कॅप्चर' हे सॉफ्टवेअर केलं, 2021 मध्ये त्यावर निबंध छापला आणि प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला ठेवला. असं काम महाराष्ट्रात होतं आणि ते वापरून इतरांचं संशोधन पुढे जातं. त्याला अर्जात जागा नसेल तर अर्ज बदलला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात मला परीक्षक होण्याचं बोलावणं आलं. भूजलपातळीचा एक प्रोग्रॅम होता. मी तो आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर बसवला, कारण ज्यांना भूजलाची गरज आहे त्यांच्याकडे तसेच संगणक असतात. दोनदा अडला, तिसऱ्यांदा चालला. तीन आठवडे गेले, मोबदला नव्हता. मी पहिली गोष्ट पाहिली ती त्यातल्या रिकाम्या जागांचं तो काय करतो.

तुमच्या गावच्या शाळेत, तलाठी कार्यालयात किंवा घरच्या माळ्यावर पावसाची, विहिरीच्या पाण्याची जुनी वही असेल तर ती संगणकात घालण्याआधी ज्यानं ती भरली त्याच्याजवळ बसा, तो आहे तोवर. रेघ का मारली ते विचारा आणि फाइलमध्ये लिहून ठेवा.